प्रोसेसरमधले चोरदरवाजे: आपल्या यंत्रातला आपल्यालाच न दिसणारा मजला

कंदील१९ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जुना लॅपटॉप भाच्याला द्यायचा म्हणून मागच्या आठवड्यात साफ करायला घेतला. डिस्क पुसली, लिनक्स नव्याने टाकलं, आणि आत काय काय जोडलेलं आहे ते बघावं म्हणून एलएसपीसीआय ही आज्ञा दिली. यादीतल्या एका ओळीवर अडखळलो. 'कम्युनिकेशन कंट्रोलर', पुढे इंटेलचं नाव आणि 'एमईआय' ही अक्षरं. नेटवर्क कार्ड वेगळं दिसत होतं, वायफाय वेगळं. मग हा नक्की कुणाशी बोलतो?

शोधता शोधता रात्र सरली. एमईआय हा फक्त निरोप्या. तो ज्याच्याशी बोलतो ते इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे माझ्या संगणकाच्या पोटात बसलेला दुसरा छोटा संगणक. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिमही वेगळी. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून त्यावर मिनिक्स ३ चालतं. अँड्र्यू टॅनेनबाम यांनी मुळात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली ही सिस्टिम. ती इतक्या यंत्रांत जाऊन बसली आहे हे खुद्द त्यांनाही २०१७ साली बातम्यांतूनच कळलं, आणि त्यांनी इंटेलला तसं जाहीर पत्र लिहिलं.

एएमडीच्या प्रोसेसरमध्येही असंच एक खातं आहे, प्लॅटफॉर्म सिक्युरिटी प्रोसेसर नावाचं. तिथे एआरएमचा गाभा बसवलेला असतो.

मला खटकलं ते हे. मी डिस्क पुसली, सिस्टिम बदलली, उद्या डिस्कच काढून टाकली तरी या आतल्या संगणकाला त्याचं सोयरसुतक नाही. त्याचा कोड मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो आणि त्यावर कंपनीची सही असल्याखेरीज तो चालत नाही. काही यंत्रांत तर पॉवरचं बटण बंद असताना, नुसती वायर जोडलेली असली तरी तो जागा असतो.

याला चोरदरवाजा म्हणायचं का? आणि नसेल म्हणायचं तर का नाही? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

सावळी

वाचतेय. एक अगदी प्राथमिक शंका. अँटिव्हायरस किंवा ऑपरेटिंग सिस्टिमला हे दिसत का नाही? सगळं तर त्याच मदरबोर्डवर आहे ना?

अर्धवाहक

चिप पडताळणीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सावळी, मजल्यांचं घर समजा. सर्वांत वर तुमचा ब्राउझर, खेळ, कागदपत्रं. त्याखाली ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. अँटिव्हायरसची धाव फार तर तिथपर्यंत. कर्नलखाली हायपरवायझर (एकाच यंत्रावर अनेक सिस्टिम चालवणारा थर) असू शकतो. त्याच्याही खाली सिस्टिम मॅनेजमेंट मोड आहे. प्रोसेसर त्यात शिरला की कर्नल मध्येच गोठतो आणि परत आल्यावर त्याला आपण गोठलो होतो हेही कळत नाही. मॅनेजमेंट इंजिन या सगळ्यांच्या बाजूला, वेगळ्याच सिलिकॉनवर चालतं. वरच्या मजल्यावरच्याला खालचा मजला तेवढाच दिसतो, जेवढा खालचा दाखवतो. अँटिव्हायरसने 'सगळं ठीक आहे का?' असं विचारलं तर उत्तर देणाराच कदाचित बिघडलेला असतो. कुंपणानेच शेत खाल्लं तर राखणदाराला कळणार कसं?

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे. आमच्या कामातली एक गोष्ट बाहेर फारशी माहीत नसते: प्रत्येक चिप जन्मतःच दारं घेऊन येते. वेफरवरून कापलेल्या तुकड्यातले कोट्यवधी ट्रान्झिस्टर नीट चालतात की नाही हे बाहेरून तपासायचं तर आत शिरावंच लागतं. म्हणून आतल्या फ्लिप-फ्लॉपची माळ ओवतात, तिला स्कॅन चेन म्हणतात. एका टोकाने बिट ढकलायचे आणि दुसऱ्या टोकाला काय पडतं ते मोजायचं. शिवाय जेटॅग असतं, म्हणजे चिप बाहेरून तपासायची जोडणी. डिबगची, म्हणजे चुका शोधण्याची रजिस्टरं (चिपमधल्या छोट्या साठवणजागा) असतात. मायक्रोकोड, म्हणजे सूचना कशा पाळायच्या हे प्रोसेसरला आतून सांगणारा कोड, तो बदलण्याची सोय असते. यांच्याशिवाय चिप बाजारात येऊच शकत नाही.

कारखान्यातून निघताना फ्यूज जाळून ही दारं बंद करायची असतात. पण वर्षभराने एखादी चिप बिघडून परत आली, तर आत पाहायला वाट तर हवी. म्हणून एखादं दार किल्लीने उघडेल असं ठेवलं जातं. ठेवणाऱ्याच्या मनात पाप नसतं, मी अशा बैठकांना बसलोय. पण किल्ली एकदा अस्तित्वात आली की ती कुणाच्या हाती पडेल यावर तिला घडवणाऱ्याचा ताबा राहत नाही.

दोन उदाहरणं देतो. केंब्रिज विद्यापीठाचे सर्गेई स्कोरोबोगातोव्ह आणि त्यांचे सहकारी ख्रिस्तोफर वुड्स यांनी २०१२ मध्ये अ‍ॅक्टेलच्या प्रोएसिक३ या चिपमध्ये कागदपत्रांत नसलेली किल्ली शोधली. ही चिप लष्करी उपकरणांतही वापरतात. त्या किल्लीने आतलं संरक्षित डिझाइन वाचता येतं असं त्यांनी दाखवलं, आणि त्यांचा शब्द होता 'बॅकडोअर'. कंपनीने तो नाकारला: ती कारखान्यातली अंतर्गत चाचणीची सोय आहे, चोरदरवाजा नाही. आता यात खरं कोण? माझ्या मते दोघंही एकाच दाराबद्दल बोलत होते.

दुसरं उदाहरण ख्रिस्तोफर डोमास यांचं, २०१८. व्हियाच्या जुन्या सी३ प्रोसेसरमध्ये एक सूचना अशी होती, की ती दिली की मुख्य गाभ्याला चिकटलेली वेगळीच सूचनावली (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा संच) चालू व्हायची. तिच्यातून साधा प्रोग्रॅम थेट कर्नलच्या पातळीवर पोहोचायचा, मधल्या सगळ्या तपासण्या ओलांडून. ही सोय एका बिटने बंद ठेवायची असते, पण काही यंत्रांत तो बिट आधीपासूनच चालू होता. डोमास यांना पहिला धागा मिळाला तो पेटंटचे कागद वाचताना, हे मला फार आवडलं.

रात्रपाळी

अर्धवाहक, उत्तम प्रतिसाद. मी मोठ्या कार्यालयाची यंत्रं सांभाळतो, त्यामुळे माझा अनुभव खालच्या मजल्याचा नसून त्याच्या दाराबाहेर उभं राहणाऱ्याचा आहे.

मॅनेजमेंट इंजिनवर चालणारी एक सेवा आहे, अ‍ॅक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी, एएमटी. व्यावसायिक यंत्रांत ती येते. तिच्यामुळे मी इथे बसून दूरच्या इमारतीतलं बंद यंत्र चालू करू शकतो, त्याचा पडदा पाहू शकतो, त्यावर सिस्टिम टाकू शकतो. शेकडो यंत्रं असली की या सोयीची किंमत कळते. ती काढून टाका असं मी म्हणणार नाही.

पण १ मे २०१७ हा दिवस मी विसरत नाही. एएमटीत पासवर्डशिवाय शिरता येतं, असं त्या दिवशी जाहीर झालं. कसं? लॉगिन करताना ब्राउझर पासवर्ड जसाच्या तसा पाठवत नाही, त्यापासून बनवलेला ३२ अक्षरांचा ठसा पाठवतो. यंत्र स्वतःचा ठसा काढतं आणि दोन्ही ताडून पाहतं. ताडायची किती अक्षरं? इथे चूक होती: समोरून जितकी आली तितकी. मग समोरच्याने शून्य अक्षरं पाठवली तर? शून्य अक्षरं शून्य अक्षरांशी जुळतात. दार उघडं, तेही अ‍ॅडमिन म्हणून. २०१० च्या सुमारापासूनच्या आवृत्त्यांमध्ये हे होतं.

इतकी साधी चूक, आणि तीही अशा मजल्यावर जिथे माझी एकही लॉग फाइल पोहोचत नाही. १६९९२ ते १६९९५ या पोर्टवर (नेटवर्कच्या क्रमांकित दारांवर) आलेलं डेटाचं पाकीट नेटवर्क कार्डाकडूनच परस्पर मॅनेजमेंट इंजिनकडे जातं. विंडोजला किंवा लिनक्सला ते आलं होतं याचा पत्ताच नसतो. त्या रात्री मी राउटरवर ती पोर्ट बंद केली आणि मग एकेक यंत्र तपासत बसलो. आमच्या काही यंत्रांच्या विक्रेत्याने दुरुस्त फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेला कोड) द्यायला कित्येक आठवडे लावले. तेवढे दिवस कुणी आधीच शिरून गेलंय का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा 'माहीत नाही' एवढंच सांगू शकलो. ते उत्तर अजून टोचतं.

त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की प्लॅटिनम नावाची हेरटोळी एएमटीतल्या सिरियल जोडणीचा वापर फाइली हलवण्यासाठी करत होती. त्यांनी यातली कुठलीही चूक वापरली नव्हती. अधिकार आधी मिळवले होते आणि आहे तीच सोय वापरली. फायरवॉलला काही दिसलं नाही, कारण फायरवॉल वरच्या मजल्यावर होती.

रोखठोक

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर वाचणारे घाबरून जातील.

आतापर्यंतची उदाहरणं चुकांची किंवा विसरून राहिलेल्या सोयींची आहेत. 'अमुक कंपनीने अमुक गुप्तहेर खात्यासाठी नेहमीच्या वापरातल्या प्रोसेसरमध्ये मुद्दाम दार ठेवलं' याचा जाहीर, तपासलेला पुरावा मी आजवर पाहिलेला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्लूमबर्गने सर्व्हरच्या बोर्डांवर तांदळाच्या दाण्याएवढ्या हेरचिपा बसवल्याची बातमी दिली होती. अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन आणि सुपरमायक्रो या तिघांनीही ती साफ नाकारली आणि तशी एकही चिप आजतागायत कुणी जाहीरपणे समोर ठेवलेली नाही.

स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटींचंही तेच. ३ जानेवारी २०१८ ला ते जाहीर झालं तेव्हा लोक म्हणाले, हे मुद्दाम ठेवलेलं असणार. मुळात वेगासाठी प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, अंदाज चुकला की फेकून देतो, पण कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या झटपट मेमरीत) त्याच्या पाऊलखुणा राहतात. वीस वर्षं जगभरच्या हुशार माणसांच्या डोळ्यांसमोर हे होतं आणि कुणाला सुचलं नाही. त्यात कट नव्हता, वेगाची हाव होती.

सामान्य माणसाचं नुकसान होतं ते फसव्या लिंकमुळे, एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरल्यामुळे, अपडेट न केल्यामुळे. सिलिकॉनमधलं दार वापरायला लागणारी ताकद ज्याच्याकडे आहे, तो ती तुमच्या-माझ्यावर खर्च करत नाही.

पारिजात

रोखठोक, शेवटच्या परिच्छेदाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. पण 'मुद्दाम कुणी ठेवत नाही' असा अर्थ यातून निघू नये, म्हणून लिहिते. प्रोसेसर बाजूला ठेवून एकूण सुरक्षेच्या उपकरणांकडे पाहा.

स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी ही कंपनी शंभराहून जास्त देशांना सांकेतिक संदेशांची यंत्रं विकत होती. १९७० पासून ती गुपचूप सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तहेर खात्याच्या मालकीची होती. जगाला हे पुराव्यानिशी कळलं २०२० च्या फेब्रुवारीत. म्हणजे पन्नास वर्षांनी. त्या काळात कुणी 'पुरावा दाखवा' म्हटलं असतं तर दाखवणाऱ्याकडे काय होतं?

१९९३ मध्ये अमेरिकी सरकारने क्लिपर चिप आणली. तिच्यात दार आहे हे सरकार उघडच सांगत होतं: किल्ली आमच्याकडे राहील, न्यायालयाच्या परवानगीनेच वापरू. वर्षभरात मॅट ब्लेझ यांनी दाखवलं, की त्या दाराची राखण करणारी तपासणी फक्त १६ बिटांची आहे आणि ती फसवता येते. पुढे योजनाच बारगळली.

ड्युअल ईसी हा यादृच्छिक (रँडम) आकडे बनवण्याचा प्रकार अमेरिकेच्या मानकांत शिरला. त्यातले ठरावीक आकडे ज्याने निवडले, त्याला पुढचे सगळे आकडे सांगता येऊ शकतात, हे २००७ मध्येच डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन यांनी मांडलं होतं. तरी ते मानक उभंच राहिलं. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर खात्याची कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा धावपळ झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेतलं गेलं.

अगदी अलीकडचं हवं असेल तर २०२३: पोलिसांच्या वायरलेसमध्ये वापरल्या जाणाऱ्या टेट्रा मानकातला टीईए१. कागदावर किल्ली ८० बिटांची, आतून तिचे ३२ बिट केले जात होते. आणि २०२४: शांघायच्या फुदान मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची दाराला लावायच्या कार्डांतली चिप. क्वार्क्सलॅबच्या संशोधकाला आढळलं की त्या मॉडेलची सगळी कार्डं एकाच गुप्त किल्लीने उघडतात. कार्डाच्या मालकाने स्वतःच्या किल्ल्या कितीही बदलल्या तरी ती एक किल्ली लागतेच. हे सिलिकॉनच आहे, रोखठोक.

रोखठोक

फुदानचं उदाहरण मला माहीत नव्हतं. ते मान्य. 'सिलिकॉनमध्ये मुद्दाम दार कुणी ठेवत नाही' असं माझ्या लिहिण्यातून ध्वनित झालं असेल तर ते मागे घेतो. नेहमीच्या वापरातल्या प्रोसेसरबद्दलचं म्हणणं मात्र कायम.

अर्धवाहक

पारिजात यांनी यादृच्छिक आकड्यांचा विषय काढला ते बरं झालं. मला विचाराल तर प्रोसेसरमधली सर्वांत नाजूक जागा तीच. बाकी कुठेही दार ठेवलं तर कधी ना कधी कुणाला तरी ते सापडण्याची भीती असते. इथे दार ठेवलं तर बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही.

तुमच्या बँकेच्या जोडणीची किल्ली, डिस्कच्या कुलपाची किल्ली, सगळ्या यादृच्छिक आकड्यांपासून बनतात. १२८ बिटांची किल्ली ओळखायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही असं म्हणतात, ते आकडे खरोखर यादृच्छिक असतील तरच. समजा आकडे बनवणाऱ्याने आतल्या आत ३२ बिटांचीच विविधता ठेवली. मग शक्यता उरतात सुमारे ४३० कोटी, आणि त्या साधा संगणकही तपासून टाकतो. गंमत अशी, की बाहेर पडणारे आकडे तरीही संख्याशास्त्राच्या चाचण्या पास होतात, कारण शेवटी ते एन्क्रिप्शनच्या चाळणीतून निघतात.

२०१३ मध्ये गेओर्ग बेकर आणि सहकाऱ्यांनी हे नेमकं कसं करता येईल ते दाखवलं. त्यांनी इंटेलच्या आयव्ही ब्रिज पिढीतल्या यादृच्छिक आकड्यांच्या मंडलाचा (सर्किटचा) आराखडा अभ्यासासाठी घेतला. नवीन तार नाही, नवीन ट्रान्झिस्टर नाही. काही ट्रान्झिस्टरमधल्या डोपिंगची जात तेवढी बदलली, म्हणजे सिलिकॉनमध्ये मिसळायची अशुद्धी. सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे सगळे थर जसेच्या तसे दिसतात, चिपची अंगभूत स्वयंचाचणीही पास होते. तो शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारत होतो, कारण आमची अख्खी पडताळणी ज्या टप्प्यावर संपते त्याच्या पुढच्या टप्प्यावर हे घडतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने असा बदल ओळखता येतो हे दाखवलं, पण त्यासाठी चिप सोलावी लागते. सोललेली चिप परत वापरता येत नाही.

हे झालं प्रयोगशाळेतलं. आता प्रत्यक्षातलं. गूगलच्या संशोधकांनी २०२५ च्या सुरुवातीला एएमडीच्या झेन प्रोसेसरबद्दल जाहीर केलं, की मायक्रोकोडवरची सही तपासण्यात मोठी चूक आहे. तपासणीत हॅशच्या (मजकुराचा ठसा काढणाऱ्या फंक्शनच्या) जागी एक अयोग्य फंक्शन वापरलं होतं आणि त्याची किल्ली होती मानकाच्या पुस्तकात उदाहरण म्हणून छापलेली. म्हणजे नव्या कुलपाला दुकानातल्या नमुन्याची किल्ली. त्यांनी स्वतःचा मायक्रोकोड बनवून चढवला आणि यादृच्छिक आकडा मागणाऱ्या आरडीरँड सूचनेला दर वेळी एकच उत्तर द्यायला लावलं: ४. मागाल तितक्या वेळा ४.

यासाठी कर्नलचे अधिकार आधी हवेत आणि एएमडीने दुरुस्तीही दिली आहे. पण प्रोसेसरला आकडे खोटे सांगायला लावता येतं, ही गोष्ट आता कल्पनेतली राहिली नाही.

सावळी

मग लिनक्स वगैरे काय करतात? सरळ प्रोसेसरवर विश्वास?

अर्धवाहक

नाही, आणि हा या सगळ्यातला सर्वांत आश्वासक भाग. लिनक्स आरडीरँडचे आकडे घेतं, पण त्यात कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क यांच्या वेळांतले बारीक फरकही कालवतं. अनेक उगमांपैकी एक प्रामाणिक असला तरी मिश्रण वाचतं. २०१३ मध्ये आरडीरँड काढून टाका अशी मागणी झाली होती तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवॉल्ड्स यांनी हेच उत्तर दिलं होतं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टिमनेही त्याच वर्षी ठरवलं, की प्रोसेसरचा आकडा थेट वापरायचा नाही, आधी स्वतःच्या चाळणीतून काढायचा. २०१९ मध्ये एएमडीच्या तेव्हा नव्या असलेल्या काही रायझन यंत्रांवर आरडीरँड प्रत्येक वेळी एकच आकडा द्यायला लागलं, तेव्हा त्याच्यावर विसंबलेले प्रोग्रॅम अडले. तिथे साधी चूक होती, ती बायॉसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या) अपडेटने सुटली.

निळीशाई

फोनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मला आजवरचं सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण आयफोनचं वाटतं.

कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या लोकांना २०२३ मध्ये स्वतःच्याच फोनवर हल्ला झालेला आढळला. त्यांनी त्याला ऑपरेशन ट्रँग्युलेशन म्हटलं. नुसता एक अदृश्य संदेश यायचा, हात लावायचीही गरज नाही. चार अज्ञात त्रुटी एकापुढे एक ओवलेल्या होत्या. त्यातली एक हार्डवेअरची: अ‍ॅपलच्या चिपमधली काही रजिस्टरं, जी कुठल्याच फर्मवेअरमध्ये वापरलेली नाहीत आणि कुठल्याच कागदात नाहीत. हल्लेखोर त्यांत पत्ता, मजकूर आणि त्या मजकुराचा एक विशिष्ट हॅश लिहायचे. हॅश बरोबर असला की चिप मेमरीचं संरक्षण ओलांडून मजकूर थेट लिहून द्यायची. ए१२ ते ए१६ या चिपांत हे चालायचं. अ‍ॅपलने दुरुस्ती दिली, डिसेंबर २०२३ मध्ये संशोधकांनी सगळं जाहीरपणे मांडलं.

बहुधा ही डिबगची सोय असावी असं त्यांचंही मत पडलं. अर्धवाहक यांनी वर सांगितलेलं तेच दार. माझा प्रश्न वेगळा आहे. जे कुठेच लिहिलेलं नाही, त्याचा हॅशसकट पत्ता हल्लेखोरांना लागला कसा?

अर्धवाहक

त्याचं उत्तर संशोधकांनाही मिळालेलं नाही. चिकाटीने उलट बाजूने शोधून काढणं अशक्य नसतं. आतून कुणी सांगितलं असणंही अशक्य नसतं. चिप पाहून हे ठरवता येत नाही आणि माझा जीव तिथेच अडकतो. चूक, विसरलेली सोय आणि मुद्दाम ठेवलेलं दार हे तिन्ही सिलिकॉनवर सारखेच दिसतात.

म्हणून शब्द जपून वापरावा असंही वाटतं. मार्च २०२५ मध्ये टार्लॉजिक या कंपनीने ईएसपी३२ या वायफाय-ब्लूटूथच्या चिपमध्ये २९ अज्ञात आज्ञा सापडल्याचं सांगितलं आणि त्याला बॅकडोअर म्हटलं. अब्जाहून जास्त विकली गेलेली चिप, त्यामुळे जगभर खळबळ. मग लक्षात आलं, की त्या आज्ञा देण्यासाठी आधीच त्या उपकरणाचा ताबा हवा. कंपनीने शब्द बदलून 'छुपी सोय' केला. तोवर मूळ बातमी फार पुढे गेली होती.

वाटसरू_क

रिस्क-व्ही या खुल्या प्रोसेसर-प्रकाराने हे सुटेल ना? सूचनावलीच खुली, मग लपवायला जागा कुठे?

अर्धवाहक

सूचनावली म्हणजे भाषा. भाषा सर्वांना माहीत असली म्हणून बोलणारा खरं बोलतोच असं नाही. २०२४ मध्ये जर्मनीतल्या सिस्पा संस्थेने टी-हेड कंपनीच्या सी९१० या रिस्क-व्ही गाभ्यात घोस्टराइट नावाची त्रुटी शोधली. काही व्हेक्टर सूचना (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) आभासी मेमरीचे नियम न पाळता थेट प्रत्यक्ष मेमरीत लिहीत होत्या. कुणीही साधा वापरकर्ता कुठेही लिहू शकत होता. ही चूक सिलिकॉनमध्येच असल्याने उपाय एकच, व्हेक्टरचा अख्खा विभाग बंद करणं.

तरी मी खुलेपणाच्याच बाजूचा आहे. ती त्रुटी सापडली कशी ते पाहा: एकच सूचना वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपांना देऊन उत्तरं ताडून पाहिली आणि एकाचं उत्तर वेगळं आलं. भाषा एक होती, बनवणारे अनेक होते, म्हणून ती तुलना शक्य झाली.

पण आराखडा खुला असला तरी कारखान्यात तोच छापला गेला कशावरून? बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या गटाने आणि मॅक्स प्लांक संस्थेने २०२३ मध्ये याची परीक्षा घेतली. २८ ते ९० नॅनोमीटरच्या चार चिपा, मूळ आराखड्यात त्यांनीच केलेले ४० बदल, आणि सोललेल्या चिपांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेली छायाचित्रं. ४० पैकी ३७ बदल सापडले. निसटलेले तिन्ही २८ नॅनोमीटरच्या चिपवर. आजचे प्रोसेसर याहून कितीतरी बारीक असतात. तरी हा प्रयोग मला मोलाचा वाटतो, कारण त्यांनी छायाचित्रं आणि पद्धत सर्वांसाठी खुली केली. 'तपासताच येत नाही' आणि 'तपासणं अवघड आहे' यांत फार अंतर आहे.

कंदील१९ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री हे सगळं पुन्हा पुन्हा वाचलं.

माझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं. मॅनेजमेंट इंजिन मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा आहे, असं म्हणायला आधार नाही. पण २०१७ मध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या संशोधकांनी शोधलेली एक गोष्ट मनातून जात नाही. मॅनेजमेंट इंजिन सुरुवातीनंतर झोपवणारा एक बिट त्यात आधीपासून होता, एचएपी नावाचा. अमेरिकी सरकारच्या एका उच्च सुरक्षा कार्यक्रमासाठी तो ठेवला होता हे इंटेलनेही मान्य केलं. म्हणजे ज्यांना धोक्याची पुरेपूर कल्पना होती त्यांनी बंद करायचा बिट मागून घेतला. तोच बिट माझ्या यंत्रातही आहे, पण बायॉसच्या मेनूत नाही. मला राग त्याचा आहे. दार असू द्या, कडी मलाही द्या.

लॅपटॉपचं सांगतो. रात्रपाळी यांचं वाचून दुसऱ्या यंत्रावरून १६९९२ ते १६९९५ ही पोर्ट तपासली, कुठूनच उत्तर आलं नाही. बायॉसमध्ये एएमटीचा पर्यायच नाही, म्हणजे हे व्यावसायिक मॉडेल नसावं. फर्मवेअरची दुरुस्त आवृत्ती मात्र कधीच घातलेली नव्हती, ती घातली. आता एमई क्लीनर हे साधन वापरून तो एचएपी बिट लावायचा विचार आहे. कुणी केलंय का?

रात्रपाळी

केलंय, तीन यंत्रांवर. सगळं फर्मवेअर सरसकट पुसू नका. जुन्या पिढ्यांत मॅनेजमेंट इंजिनचा कोड सापडला नाही तर यंत्र अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं. एमई क्लीनर सुरुवातीला लागणारा भाग राखून बाकीचा काढतं. एक काम आठवणीने करा: अपडेट घातल्यावर जुनी प्रत टाकून द्या, नव्याने वाचलेल्या प्रतीवरच काम करा.

अर्धवाहक

बॅटरी आणि वायर दोन्ही काढा. मग आठ पायांची क्लिप लावून फ्लॅश चिप (फर्मवेअर असलेली चिप) दोनदा वाचा. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तरच पुढे जा, नाहीतर क्लिप नीट बसलेली नाही. काही स्वस्त प्रोग्रामर (चिप वाचायची-लिहायची उपकरणं) डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट देतात आणि चिप बहुधा ३.३ व्होल्टची असते, क्वचित १.८ ची. जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजा आणि चिपवरचा क्रमांक इथे लिहा, मी डेटाशीट बघून सांगतो.

कंदील१९ (धागाकर्ता)

रविवारी उघडतो. क्रमांक लिहितो.